पोट नसलेलं चिलट

आजवर कुणालाही, अगदी घरातही, सांगितलेलं नाही ते असं: माझ्या कपाटात, जुन्या फायलींच्या मागे, करंगळीएवढी एक काचेची बाटली आहे. तिच्यात स्पिरिट आहे आणि तळाशी एक चिलट आहे, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. त्याला डोकं आहे, ठिपक्यांचे दोन पंख आहेत, सहा पाय आहेत. पोट नाही. ते पोट मी काढलं आणि दुसऱ्याच एका चिलटाचं म्हणून काचेवर चिकटवलं. त्यामुळे एका मुलीला खोटारडी ठरवून घरी पाठवण्यात आलं. मी त्या खोलीत होतो आणि गप्प होतो. गप्प होतो हेही तितकंसं खरं नाही. एक वाक्य बोललो होतो. ते पुढे येईल.

पाऊस गेला, उकाडा आला. आश्विनात पुण्यात असे आठ-दहा दिवस येतात, की दिवसभर अंग चिकचिकत राहतं आणि संध्याकाळी कालव्याच्या बाजूने ओलसर वास येतो. आमची सोसायटी खडकवासल्याच्या रस्त्याला. साडेसहाला पार्किंगमध्ये गाडी लावून हेल्मेट काढतो आणि वर बघतो. डोक्यावर हातभर उंचीवर धुरासारखा एक खांब उभा असतो. चिलटांचा. मी दोन पावलं सरकलो की खांबही सरकतो. शेजारचे निवृत्त बँकवाले परवा म्हणाले, "लिमये, तुमच्यावरच बरी येतात हो, आम्हाला विचारतसुद्धा नाहीत." मी हसलो. माझं हेल्मेट पांढरं आहे आणि या जातीला खाली काहीतरी उठून दिसणारी खूण लागते, एवढंच त्याचं कारण. मला ते पक्कं माहीत आहे. तरी दर संध्याकाळी पहिला विचार येतो तो हाच, की यांना कुणीतरी पाठवलंय.

त्या खांबात सगळे नर असतात. नर चावत नाहीत. चावते ती मादी, कारण अंडी पिकवायला तिला रक्त लागतं. नरांच्या मिशा पिसांसारख्या असतात आणि ऐकण्यासाठी असतात. एखादी मादी घोळक्यात शिरली की तिच्या पंखांचा वेगळा सूर त्या मिशांना लागतो, मग जो आधी पोचेल तो तिला धरतो. घाईत नर नरालाही धरतो, चाचपतो, सोडून देतो. पाहत उभं राहिलं की कळतं, वरून नाच दिसतो तो आतून बराचसा संशयच आहे. प्रत्येक जण शेजारच्याला तपासत असतो.

आमची प्रयोगशाळा अशीच होती. शहरातल्या एका जुन्या संस्थेचा एक लांबोडा हॉल, उंच खिडक्या, चार सूक्ष्मदर्शक. गुरांना चावणाऱ्या बारीक चिलटांवर तिथे काम चाले, कारण गुरामेंढरांचे काही रोग तीच पसरवतात. मी तिथला तंत्रज्ञ. कीटक उकलायचा आणि त्याची स्लाइड बनवायची, हे माझं काम. बाई आमच्या प्रमुख. त्या कुणावर ओरडत नसत. चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि "असं?" म्हणत. तो एक शब्द ऐकला की माणूस आपलंच नाव परत तपासून बघे. हॉलमधली प्रत्येक बाटली, प्रत्येक सुई कुणीतरी मोजून ठेवलेली असे. आपल्या ड्रॉवरला कुणी हात लावला तर कळावं म्हणून लोक फटीत कागदाचा कपटा अडकवत. मीही अडकवत असे.

प्रज्ञा वानखेडे तिथे पीएचडीला आली, बारा वर्षांपूर्वी. यवतमाळजवळच्या गावची. पहिल्या दिवशी मला सर म्हणाली. मी म्हटलं, सर नाही, मी तंत्रज्ञ आहे. यावर ती म्हणाली, "मग भाऊ म्हणते. चालते नं?" चालतं की नाही ते मी सांगायच्या आधीच मी भाऊ झालो होतो. ती संध्याकाळी उशिरापर्यंत बसे, म्हणून बाईंनी हॉलची दुसरी चावी तिला दिली. त्याआधी सोळा वर्षं हॉलची चावी फक्त माझ्याकडे होती.  दुसऱ्या दिवसापासून सकाळी कुलूप उघडताना ते आधी कुणी हाताळलंय का, ते बघू लागलो. बाहेरून आलेली मुलगी, मोठ्याने हसणारी, डब्यात तिखटजाळ भाजी आणणारी आणि ती सगळ्यांना खाऊ घालणारी. आम्ही खात होतो आणि तिच्या बोलण्याची नक्कलही करत होतो. मीही.

कात्रजच्या पलीकडे एक गोठा होता, तिथे आम्ही चिलटं धरायला जात असू. गोठ्याचे मालक शिंदेमामा. संध्याकाळी गुरांपाशी धूर करायची त्यांची रीत, आणि आम्ही गेलो की धूर बंद ठेवायची विनंती. ते वैतागत. "चिलटं जगवाया आलाय व्हय? माज्या गाई चावून खाल्ल्या तरी चालंल." मग शेणी विझवत आणि खाटेवर बसून आमची गंमत बघत. प्रज्ञा गाईच्या पोटाखाली उकिडवी बसे. तोंडात रबरी नळी, नळीच्या पुढे काचेची नळी, मध्ये जाळी. चिलट दिसलं की हलका श्वास ओढायचा, ते काचेत येतं. एकदा शिंदेमामांनी विचारलं, एवढं काय बघता तिथं? ती नळी काढून म्हणाली, "लग्न पाहून राहिली मामा." मामा खूप हसले. मग जे बोलले ते मला आजही ऐकू येतं. "वर नाचत्यात ती निराळी, पोरी. ही गाईच्या पोटावरची बारकी नाचत न्हाईत. ही गप बसून असत्यात."

तिचं म्हणणंही हेच होतं. आमच्या भागातल्या नेहमीच्या चिलटाच्या पंखावर जे ठिपके, जवळपास तेच या पोटावरच्याला. म्हणून सगळे त्याला तेच समजत. पण हा नर घोळक्यात जात नाही. गाईच्या केसांत बसून राहतो आणि रक्त प्यायला आलेल्या मादीला तिथेच गाठतो. शेपटाला शेपूट, तोंडं दोन दिशांना, आणि गाय शेपटी झटकेपर्यंत दोघं तशीच. प्रज्ञाच्या मते ही जात वेगळी होती.

वागणं निराळं म्हणून जात निराळी, असं आमच्याकडे कुणी मानत नाही. आत काय आहे ते दाखवावं लागतं. चिलटाच्या मादीच्या पोटात शेवटाकडे नराचं बीज साठवायच्या थैल्या असतात. आकार पेरूच्या बीसारखा, रंग चहाचा, भिंत कडक. एकदा नर भेटला की तेवढी साठवण तिला आयुष्यभर पुरते, पुढची सगळी अंडी तिच्यातूनच फळतात. आमच्या नेहमीच्या जातीत अशा दोन थैल्या, आणि तिसरी अगदी नावापुरती. प्रज्ञा म्हणे, या मादीत एकच आहे. बाई म्हणाल्या, "असं? दाखवा."

दाखवायचं कसं, तर माझ्या हातून. पोट वेगळं करायचं, कॉस्टिकमध्ये ठेवायचं. आतलं मऊ सगळं विरघळतं, थैल्या तेवढ्या राहतात. मग पाणी, मग लवंगेचं तेल, मग काचेवर डिंक आणि वरून काचेची झाकणी. पंख एका झाकणीखाली, डोकं दुसऱ्या, पोट तिसऱ्या. तीन झाकण्या, एक लेबल. तिन्ही तुकडे एकाच जिवाचे आहेत याला लेबलाशिवाय दुसरा पुरावा नसतो. लेबलही माझ्याच अक्षरातलं. त्या हॉलमध्ये एवढे कपटे अडकवले जात, पण ज्या जागी खरोखर फसवता येतं तिथे कुणीच बघत नव्हतं. लवंगेचा वास अजून मला सहन होत नाही. मसालेभात असेल तर मी भूक नाही म्हणतो.

आश्विन अर्धा सरला होता. एका संध्याकाळी तिला गाईच्या पोटावर जोडी सापडली. तिने श्वास ओढला, मादी काचेत आली आणि नर गाईच्या केसांत निसटला. तरी ती लहान मुलीसारखी खूश होती. त्याच संध्याकाळी हॉलवर येऊन तिने ती मादी थेंबभर स्पिरिटात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि कातडीतून जे दिसलं त्याचं पेन्सिलने चित्र काढलं. एक थैली. सकाळी बाटली माझ्या हातात दिली. "भाऊ, हे एकच हाय. सांभाळून." बाटलीच्या तोंडाला तिने लाल दोरा गुंडाळला होता. इतरांना कपट्यांची सवय होती, तिने दोरा लावला. मला राग आला. माझ्यावर संशय घेते, असं वाटलं. दोरा कुणासाठी होता ते आता मला नीट समजतं. बाटली माझ्याकडे येईपर्यंत ती इतरांपासून सांभाळत होती.

उकलताना पंखा लावायचा नाही हा आमच्या खोलीचा नियम. तो मीच भिंतीवर लिहून लावलेला. त्या दुपारी बनियन पाठीला चिकटला होता, कपाळाचा घाम डोळ्यात उतरत होता. मी पोट सुईच्या टोकावर घेतलं, दुसऱ्या हाताने काच पुसली आणि क्षणभर, अगदी क्षणभर, पंख्याचं बटन दाबलं. बंद केलं. सुईच्या टोकावर काही नव्हतं.

मी तासभर जमिनीवर रांगत होतो. भिंग घेऊन फरशी, टेबलाची कड, माझा शर्ट पाहिला. मिठाच्या कणाहून लहान वस्तू अशी सापडत नाही. मग मी उठलो, हात धुतले आणि त्याच गोठ्यातली, त्याच संध्याकाळी दिव्याच्या सापळ्यात पडलेल्या चिलटांची बाटली उघडली. त्यातली एक मादी घेतली. तिचं पोट काढलं, कॉस्टिकमधून काढलं, लवंगेच्या तेलात बुडवलं, प्रज्ञाच्या चिलटाच्या पंखांशेजारी ठेवलं आणि झाकणी टाकली. त्या वेळी मनात काय होतं? भीती होतीच. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त वाईट होतं. मला खात्री होती की ही मुलगी चुकते आहे. जात एकच आहे, थैल्या दोनच असणार, मग हे पोट काय आणि ते काय. माझा तिच्यावरचा संशय नसता तर त्या दुपारी मी बाईंसमोर जाऊन पंख्याचं कबूल केलं असतं, असं मला वाटतं. निदान वाटून घेतो.

पुढच्या आठवड्यात बाई, संस्थेतले आणखी दोन ज्येष्ठ, प्रज्ञा आणि मी. तिच्या शिष्यवृत्तीची मुदत वाढवायची की नाही, ते त्या बैठकीत ठरणार होतं. स्लाइड लावली. बाईंनी पाहिलं, चष्मा काढला. "दोन." मग प्रज्ञाची वही पुढे ओढली, चित्र पाहिलं. "आणि इथे एक. चित्र आधी काढलं, स्लाइड नंतर झाली. तुम्ही चित्रकलेला जायला हवं होतं." दोघांपैकी एक जण हसले. प्रज्ञा वाकून पाहत राहिली, फोकस वर-खाली करत. म्हणाली, असं होऊच शकत नाही मॅडम, मी पाहिली होती. कुणी बदलली काय? हे ती रागाने म्हणत नव्हती. खरंच विचारत होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, लिमये, ही बाटली तुमच्याशिवाय कुणाच्या हातात होती?

तेव्हा मी माझं वाक्य बोललो. "चावी त्यांच्याकडेही असते."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं कामाला आलं. बाई म्हणाल्या, "असं?" आणि त्यानंतर कुणाला काही विचारावं लागलं नाही. आधी चूक होती, आता लबाडी झाली. चित्र खरं ठरवायला स्वतःच बाटलीत गडबड करायला गेली आणि धड तीही जमली नाही, असं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हॉलभर झालं. मुदत वाढली नाही. दुसरी जोडी धरून दाखवीन म्हणाली, पण थंडी पडली आणि चिलटं संपली. पुढच्या हंगामाला ती पुण्यात नव्हती. शिंदेमामांचा गोठाही फार दिवस राहिला नाही, तिथे आता इमारती आहेत.

जायच्या आधी ती हॉलमध्ये सगळ्यांपाशी गेली. प्रत्येकाला एकच प्रश्न, तुम्ही हात लावला होता का, खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींनासुद्धा विचारलं. मला विचारलं नाही. चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्हाला काहून विचारू? तुम्ही तं केलंच नसन."

सापळ्यातलं, पोट काढलेलं ते चिलट मी तेव्हा फेकून द्यायला हवं होतं. मोरीत ओतलं की संपलं. मी ते वेगळ्या बाटलीत घालून घरी आणलं. का, ते आजही नेमकं सांगता येत नाही. एवढ्या वर्षांची सवय म्हणा, नमुना फेकायचा नाही. किंवा कुणीतरी आपल्याला पकडावं म्हणून माणूस अशी वस्तू ठेवतो, तेही असेल.

तिने पुढे तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी धरली. हे मला तिच्याकडूनच कळलं, कारण दरवर्षी भाऊबिजेला तिचा निरोप येतो. "भाऊ, ओवाळते इथूनच. तब्येत सांभाळा." मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो. अकरा निरोप झाले. पहिल्या वर्षी वाटलं, भोळी आहे. तिसऱ्या वर्षी वाटलं, हिला कळलंय. तेव्हापासून प्रत्येक निरोप मी स्लाइड तपासावी तसा तपासतो. एका वर्षी "भाऊ"नंतर स्वल्पविराम नव्हता. दुसऱ्या वर्षी "सांभाळा"च्या जागी "जपा" होतं. तब्येत जपा म्हणजे काय? कशापासून? एका वर्षी तिने निरोपाखाली गाईचा फोटो टाकला होता आणि मी दोन दिवस जेवलो नाही. बायकोला पित्त सांगितलं. माझ्यावर कुणी संशय घेतला नाही म्हणून सगळ्यांवर संशय घेण्याचं काम माझ्याकडे आलं आहे आणि ते मी इमानाने करतो.

परवा दिवाळीची आवराआवर चालली होती. माधवी, माझी बायको, कपाटात अर्धी शिरलेली. "अहो, ही रिकामी बाटली कसली?" मी म्हटलं, असू दे. तिने ती खिडकीशी धरली. रिकामी नाही, खाली कचरा आहे काहीतरी, म्हणाली. मी परत म्हटलं, असू दे. तिने बाटली खिडकीपासून खाली घेतली. "पंचवीस वर्षं संसार केला. तुम्ही कधी सेफ्टी पिनसुद्धा जपून ठेवली नाहीत. ही बाटली मात्र तीन घरं बदलली तरी येते आहे. मी विचारणार नाही. पण विचारत नाही म्हणजे दिसत नाही, असं समजू नका." बाटली जागेवर ठेवून ती पुढच्या कप्प्याकडे वळली.

ती गेल्यावर मी बाटली टेबलावर घेतली आणि भिंग लावलं. बारा वर्षांत एकदाही लावलं नव्हतं. पंखांवरचे ठिपके फिकट झाले आहेत, मिशा शाबूत आहेत. जिथे पोट होतं तिथे स्वच्छ काप आहे, माझ्या सुईचा. चांगलं काम करत होतो मी. संस्थेतल्या त्या स्लाइडवरचं पोट या धडाला जुळवून पाहिलं तर काप कापाला बसेल, आणि पंखांशेजारी परकं पोट आहे हे कुणालाही दिसेल. म्हणजे पुरावा नाही असंही मला म्हणता येत नाही. तो पहिल्या दिवसापासून आहे.

अजून एक राहिलं. इतकं सांगितल्यावर ते मागे ठेवण्यात अर्थ नाही. त्या दुपारी, पंख्याच्या आधी, कॉस्टिकमधून काढलेलं प्रज्ञाच्या चिलटाचं पोट काचेच्या वाटीत पाण्यात पडलं होतं. सुईवर घ्यायला मी भिंगातून खाली पाहिलं. सगळं मऊ विरघळून गेलं होतं, काचेसारखं पारदर्शक, आणि त्यात चहाच्या रंगाचा ठिपका होता. आपण तेव्हा मोजलं नव्हतं, नीट पाहिलंच नव्हतं, असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलो. दोन असतील तर मोजावं लागतं. एक मोजावं लागत नाही.

खिडकीबाहेर संध्याकाळ झाली आहे, खाली पार्किंगमध्ये खांब उभा राहिला असेल. भाऊबीज नऊ दिवसांवर आहे. या वेळी तिच्या निरोपाची वाट बघायची नाही, असं ठरवून हे लिहायला बसलो. माझं ठरवणं कितपत भरवशाचं, याचाही मला संशय आहे, म्हणून ते इथे छापून ठेवतो.

प्रज्ञा वानखेडे यांना मी ही बाटली देणं लागतो, आणि बाईंसमोर, त्याच हॉलमध्ये, माझ्या तोंडून तीन वाक्यं देणं लागतो: पोट मी बदललं. चावीचा काही संबंध नव्हता. थैली एकच होती.